उजवी कळी

लवू मास्तरांना त्या शेअरांतून मिळायचं काय होतं, ते आधी मांडू. पैशांत म्हणाल तर दिडकीही नाही. शेअर मथुरेचे, म्हणजे त्यांच्या थोरल्या भावाच्या विधवेचे. मुंबईच्या गिरणीत जन्म काढून भाऊ चाळीस शेअर तेवढे मागे ठेवून गेला होता. मास्तरांच्या वाट्याला यायचा तो मान. पेन्शनीत निघालेल्या मास्तराला आचऱ्यात कोण विचारतो? पण एकसष्ट साली ते पडवीत बसून पेपरातला मोठ्या कंपन्यांच्या भावांचा निर्देशांक आणि त्यातली पहिली पाच नावं मोठ्याने वाचू लागले, आणि तांदळाचा व्यापारी भिकाजीसुद्धा चपला काढून ऐकायला बसू लागला. घरात शेअर असलेला माणूस बोलत होता ना!

त्याच वर्षी मथुरेला दिव्याभोवती रंगीत कडी दिसू लागली. मालवणच्या डॉक्टरांनी सांगितलं, काचबिंदू आहे. दोन महिन्यांत मिरजेला जाऊन ऑपरेशन करा, गेलेली नजर परत येत नसते. तिचं मुंबईचं काम पाहणाऱ्या सत्यवानाने मास्तरांना पत्र टाकलं: ‘आजचा भाव बावीस. विकू का?’ आठशे ऐंशी रुपयांत मिरज सहज आटोपलं असतं.

“वायच थांब, वहिनी,” मास्तर म्हणाले. “आकडो चढता. एकशे बाराचो एकशे पंधरा झालो. अशात कोण विकता?”

“त्या आकड्यात आमची गिरण आसा काय, भावजी?”

“आसतलीच! मोठ्या कंपन्यांचो आकडो तो.”

“मगे तुमी पयले पाच वाचतास, त्यात तिचा नाव कसा येणा नाय? लोखंड येता, शिमिट येता, कागद येता...”

“येतला. तुका त्यातला काय समाजता?”

भिकाजी खो खो हसला. मथुरा म्हणाली, “तर देवाक विचारूया.”

बाबली गुरवाने कौलासाठी देवाच्या अंगावर डावी-उजवीकडे ओल्या कळ्या लावल्या; उजवी आधी पडली तर होकार. शेअरांतलं गुरवाला काय कळणार, म्हणून गाऱ्हाणं मास्तरांनी स्वतःच घातलं: “देवा, मुंबयचो आकडो चढतलो आसात, तर उजवी कळी दी.”

उजवी पडली. मास्तरांनी सत्यवानाला लिहिलं, थांबा.

देव खोटं बोलला नाही. आकडा एकशे एकवीसवर गेला. मास्तर पहिल्या पाचांची नावं घरच्या लग्नातला आहेर वाचावा तशी वाचत. गिरणीचा भावही त्याच पानावर खाली बारीक टायपात छापून यायचा: एकोणीस, सोळा, तेरा. तिथवर त्यांचं बोट कधी गेलं नाही. दोन महिने उलटून गेल्यावर सत्यवानाचं दुसरं पत्र आलं, तेव्हा भाव अकरा होता. विकले. मिरजेच्या डॉक्टरांनी दोन्ही डोळे पाहिले आणि एवढंच विचारलं, “इतके दिवस कुठे होतात?”

परतल्यावर मथुरा पडवीत खांबाला टेकून बसू लागली.

“भावजी, आज आकडो खंय पोचलो?”

“एकशे तेवीस,” मास्तर पुटपुटले.

“म्हणजे देव खरो.”

ह्या खेपेला भिकाजी हसला नाही. मास्तर बारीक टायपावर बोट ठेवून गिरणीच्या नावापाशी आले आणि तिथेच थांबले.

हिशेब असा: देवाचं वचन राहिलं, पेपराचा आकडा खरा ठरला, भिकाजीचं काहीच गेलं नाही. मथुरेने किंमत म्हणून दोन डोळे भरले. मास्तरांचे दोन्ही शाबूत होते. तो बारीक टाईप त्यांना चष्म्याविनाही वाचता येई.