एकाच फेरीतले दोन नवस

“आई, तू काय मागितलंस?” चढणीवर मागे वळून लेकीने विचारलं.

“मागितलेलं सांगू नये, फळत नाही,” म्हणत आईने वेळ मारून नेली.

टेकडीवरच्या जुन्या चर्चच्या दारातून निघायचं, क्रूसाक्रूसापाशी थांबत टेकडीला वळसा घालायचा आणि पुन्हा त्याच दारात यायचं. एका फेरीत मनातलं मिळतं, असं सगळे म्हणत. लेक फेरी संपली की शेजारच्या कॉन्व्हेंटमध्ये नन व्हायला कायमची जाणार होती. त्यासाठी ती बळ मागत होती. आणि आई प्रत्येक क्रूसापुढे गुडघे टेकून मागत होती, हिचं मन फिरू दे.

इस्पितळाच्या लाँड्रीत चादरींना इस्त्री करकरून आईने एकटीने तिला वाढवलं होतं. पोरगी कुणा पोराबरोबर पळून जायला निघाली असती, तर तिने आकाशपाताळ एक केलं असतं. इथे भांडायचं कुणाशी? देवाशी? हात जोडायला तर तिनेच शिकवलं होतं.

ओढ्याकाठी दोघी टेकल्या. राहवेना, तेव्हा आई म्हणाली, “म्हातारपणी माझ्याकडे कोण बघणार गं?” आणि बोलून गेल्यावर तिने जीभ चावली.

लेक तिच्याकडे वळली. “तू नुसतं ‘नको’ म्हण, आई. मी आत्ता तुझ्याबरोबर घरी येते. खरंच.”

आईने तोंड उघडलं. एकच तर शब्द होता! पण लेकीचा चेहरा पांढराफटक पडला होता, आणि असं घरी आलेलं माणूस रोज समोर बसून जेवताना कसं दिसेल, ते आईला तिथेच दिसलं.

“ऊठ,” ती म्हणाली. “ऊन चढतंय.”

पुढची वाट कशी सरली, कळलंच नाही. झाडांआडून चर्चचा मनोरा डोकावला तशी आईची पावलं जड झाली.

“अजून एक फेरी मारू या का?”

“पाय राहिलेत का तुझे?” लेक हसली. हसताहसताच तिने आईचा हात धरला, तो दारापर्यंत सोडला नाही.

कॉन्व्हेंटचं दार एका म्हाताऱ्या सिस्टरने उघडलं. लेकीने आईला घट्ट मिठी मारली, डोळे पुसले आणि ती आत गेली. तिने मागे वळून पाहिलं नाही. आईला वाटलं, बरंच झालं.

“सिस्टर, एक सांगायचं होतं.”

“बोला ना, बाई.”

“ती उपाशी राहील, पण मागणार नाही. विचारावं लागतं.”

“विचारू आम्ही.”

“दोनदा विचारा. पहिल्यांदा नकोच म्हणते.”

“दोनदा विचारू.”

आणखीही काही सांगायचं होतं, पण आईला ते आठवेना. सिस्टरने दार लगेच लावलं नाही. आई कठड्याला धरून एकेक पायरी उतरत खाली पोहोचेपर्यंत त्या तशाच उंबऱ्यात उभ्या होत्या.