२०७५ सालातली जबानी

सावळटेकात सिनेमावाले आणले ते भूमिकानं, आणि पहिल्या दिवशी तरी ही गोष्ट ती भेटेल त्याला सांगत सुटली होती.

झालं असं, की नागपुरात नंदनवनातल्या तिच्या शाळेत रितिकाताई नावाच्या एक दिग्दर्शिका आल्या. त्यांना माहितीपट काढायचा होता, पण आजचा नाही, २०७५ सालचा. त्या सालात नागपूरचा पारा पंचावन्नावर गेलेला, माणसं दिवसभर जमिनीखाली राहतात आणि उमरेडकडची गावंच्या गावं कोळशाच्या खाणीत गडप झालेली. अशाच एका गावातल्या लोकांच्या जुन्या मुलाखती एका शाळकरी मुलीला सापडतात आणि ती त्या बघत बघत गावाची गोष्ट सांगते. माणसं खरी, घरं खरी, साल तेवढं खोटं. आठवीपर्यंत शेवटच्या बाकावर भिंतीला चिकटून बसणारी भूमिका नववीत वक्तृत्वात पहिली आली होती आणि तेव्हापासून कुठल्याही प्रश्नाला तिचा हात सगळ्यात आधी वर जायचा. इथेही गेला. ती शाळकरी मुलगी मी होईन, ती म्हणाली, आणि गाव माझ्या आबाजींचं घ्या.

आबाजी म्हणजे तिच्या आईचे वडील, चंपतराव. दिवाळीच्या सुट्टीत रितिकाताई, त्यांचा कॅमेरामन नागसेन आणि भूमिका असे तिघं जीप घेऊन सावळटेकात येऊन थडकले. आबाजींनी गादीवर घालायला नवी चादर काढली, पाहुण्यांना चहा पाजला आणि कॅमेऱ्याकडे मात्र पाठ करून बसले.

दुसऱ्या सकाळी नागसेननं प्रत्येक दारावर लाल रंगानं आकडे काढले. २०७५ मध्ये घरांना नावं नसतात, नंबर असतात, असं ठरलेलं. दुपार व्हायच्या आत जिजाबाईंनी आपल्या दारावरचा सतरा शेणामातीनं लिंपून टाकला. मनोहररावांनी उलटच केलं. त्यांनी घरामागं टिनाचा शेड ठोकायला घेतला, आणि त्यांचं पाहून आणखी तिघांनी. रितिकाताई जाम खूश. गाव आपणहून सेट लावून राहिलं, असं त्यांना वाटलं. भूमिकाला मात्र काहीच कळेना. शेवटी तिनं आबाजींना गाठलं. ते तुरीतून नुकतेच आले होते. पाय धुता धुता त्यांनी सांगितलं, की दारावर लाल आकडा चढला की मागून खाणीसाठी गाव घेणारे मोजणीवाले येतात, आणि मोजणीच्या दिवशी जे उभं असेल तेच भरपाईला धरतात. कोणी आकडा पुसतो, कोणी शेड उभा करतो. ज्याला जे सुचलं ते तो करतो.

भूमिकाला हसू फुटलं. ती तशीच निघाली आणि दारोदार जाऊन सांगू लागली, की ही मोजणी नाही, नाटक आहे, खोट्या सालाचं खोटं नाटक, आणि माझी जबाबदारी. चंपतरावांची नात, माइकवर बोलणारी पोरगी, एवढं छातीठोक सांगते म्हटल्यावर लोक ऐकतात. त्या संध्याकाळी बारा जण आपापल्या दारात, नंबराखाली बसले आणि कागदावरचं वाक्य बोलले. जिजाबाईही बोलल्या, त्यांच्या दारावर सतरा पुन्हा काढून झाल्यावर. वाक्य असं होतं: आम्ही आमच्या मर्जीनं गाव सोडलं, आमची काही तक्रार नाही. रितिकाताईंनी समजावलं, की त्या काळचं सरकार सगळ्यांकडून हेच वदवून घेतं. पडद्यावर कोपऱ्यात २०७५ दिसेल, मागे काळा खड्डा दिसेल आणि बघणाऱ्याच्या पोटात गोळा येईल. भूमिकाला तर ते फारच आवडलं. काय भारी आयडिया आहे, असं ती नागसेनला तीनदा म्हणाली.

तिसऱ्या दिवशी आबाजींची पाळी. त्यांनी चष्मा लावून कागद वाचला, घडी करून खिशात ठेवला आणि भूमिकाला ओसरीच्या कडेला बोलावलं.

"हे कोनी लिहिलं वं?"

"रितिकाताईंनी. काहून?"

आबाजींनी मग शेजारच्या गावची गोष्ट सांगितली. दोन वर्षांपूर्वी तिथं सभा भरली होती. झाडं लावायची आहेत म्हणाले, ज्याला आंब्याची कलमं पाहिजेत त्यानं हात वर करा. झाडून सगळ्यांनी हात वर केले. कॅमेरा फिरला. पुढं कधीतरी एका फायलीत तेच चित्रण निघालं, आणि त्याखाली लिहिलं होतं, गावाची जमीन खाणीला द्यायला संमती.

"हात तेच होते वं," आबाजी म्हणाले, "सवाल बदलला होता."

"पण इथे कोपऱ्यात २०७५ लिहिलेलं असणार ना."

"लिहिलेलं काढता येत नाही का?"

 शाळेच्या प्रोजेक्टसाठी भूमिकानं स्वतःच मोबाइलवर व्हिडिओ कापले होते. कोपऱ्यातला आकडा काय, अख्खा माणूस काढता येतो.

"तू म्हनशील तर बोलतो मी," आबाजी म्हणाले. "बारा जन तुह्या भरोशावर बोलले, मी तेरावा. पन आधी पाहून घे अन् मंग सांग."

झालं. तिथून भूमिकाला प्रत्येक गोष्ट वेगळी दिसायला लागली. कालपर्यंत नुसता कॅमेरा होता तो आता डोळा वटारून बसलेला. नागसेनच्या हसण्याचाही तिला संशय यायला लागला. तिनं संमतीचा फॉर्म शोधून वाचला, जो काल तिनं बारा जणांपुढे न वाचताच सरकवला होता. त्यात लिहिलं होतं, की हे चित्रीकरण कुठेही, कोणत्याही कारणासाठी, पूर्ण अथवा तुकड्यांत वापरता येईल. तुकड्यांत. मग ती नागसेनच्या लॅपटॉपमागे जाऊन उभी राहिली. सिनेमाचं एक फोल्डर होतं, ते ठीक. त्याच्या खाली दुसरं होतं, त्याचं नाव 'वाक्य कोरं'. आत बारा फायली, घरनंबराप्रमाणे लावलेल्या. हे वेगळं काहून ठेवलं, तिनं विचारलं. नागसेन म्हणाला, फिल्मला पैसा देणाऱ्यांनी तसंच मागितलं, आपण कशाला विचारायचं.

भूमिका सरळ रितिकाताईंपुढे जाऊन उभी राहिली. 

"ताई, ते वाक्य तुम्ही लिहिलं का?"

रितिकाताईंचा चेहरा आधी चकित झाला, मग दुखावला. त्या म्हणाल्या, की पटकथा त्यांचीच, वाक्य तेवढं पैसा देणाऱ्या संस्थेनं सुचवलं आणि ते इतकं झणझणीत होतं की त्यांना लगेच आवडलं. दारावरचे नंबर? तेही संस्थेनंच सुचवलं. ती शिकलेली माणसं आहेत, त्यांना सिनेमा कळतो. "तू माझ्यावर संशय घेतेस, भूमिका?"

"हो," भूमिका म्हणाली. आपण असं म्हटलं यावर तिचा स्वतःचाच विश्वास बसेना. "माझ्यासमोर फोन करा त्यांना."

सावळटेकात पाण्याच्या टाकीच्या ओट्यावर उभं राहिलं तरच फोन लागतो, तोही रडतखडत. रितिकाताई तरातरा ओट्यावर चढल्या, फोन लावला आणि तोऱ्यात स्पीकर सुरू केला. पलीकडचा माणूस अगदी गोड बोलत होता. रितिकाताईंनी बारा झाल्याचं सांगताच त्यानं विचारलं, बाकीचे कधी होतील. त्या म्हणाल्या, की त्या वाक्यावर २०७५ असं लिहायचंय, मागे खाण दाखवायचीय.

"सिनेमात तुम्ही हवं ते करा, मॅडम," तो माणूस म्हणाला. "आम्हाला द्याल ते मात्र कोरं द्या. वर साल नको. चेहरा आणि घराचा नंबर एकाच फ्रेममध्ये हवा."

"ते कशासाठी?"

"रेकॉर्डला लागतं."

"कसल्या रेकॉर्डला?"

तो हसला. तुम्ही कलावंत माणसं, तुम्हाला यात काय रस, असं काहीतरी म्हणाला आणि फोन कटला. रेंज गेली की त्यानं ठेवला, हे काही कळलं नाही. रितिकाताई ओट्यावरच बसल्या. शाळेत आल्या तेव्हा त्या किती उंच वाटल्या होत्या, आणि आता भूमिकाएवढ्याच दिसत होत्या.

भूमिकाला त्यांची दया आली, पण थोडीच. कारण तिला आता बारा दारी पुन्हा जायचं होतं. काल जितक्या मोठ्यानं बोलली होती तितक्याच मोठ्यानं तिनं प्रत्येक दारात सांगितलं, की माझं चुकलं, मी न वाचता जबाबदारी घेतली, माझ्यासोबत चला आणि डोळ्यांनी पाहा. मनोहररावांनी तिला चांगलंच सुनावलं. शिकून हेच शिकली का, म्हणाले. तिनं खाली मान घालून ऐकून घेतलं.

बारा जण लॅपटॉपभोवती जमले. नागसेननं रितिकाताईंकडे पाहिलं. त्यांनी मान हलवली. दोन्ही फोल्डरांतली एकेक फाइल उघडून, चेहरा ओळखून, मग पुसली. जिजाबाई स्वतःला पडद्यावरून जाताना पाहून म्हणाल्या, आता मी कुठं गेली वं, आणि नागसेननं कचऱ्याचा डबाही रिकामा करून दाखवला. कार्ड तपासलं, दुसरी डिस्क तपासली. कुठे पाठवलं तर नाही, असं आबाजींनी विचारलं. नागसेन म्हणाला, बाप्पा, तुमच्या गावात एक फोटो जायला अर्धा तास लागते, बारा व्हिडिओ कुठून जातील. तरीही भूमिकानं त्याचा फोन मागून घेतला आणि पाठवलेल्या गोष्टींची यादी शेवटपर्यंत पाहिली. नागसेन चिडला नाही. चिडला असता तर तिनं तेही लक्षात ठेवलं असतं.

रितिकाताई सामान आवरायला लागल्या. त्या माणसाच्या मदतीनं आता काहीच नको, फिल्म जमेल तेव्हा जमेल, असं हळू आवाजात म्हणाल्या. तेव्हा आबाजी आत गेले, धुतलेला सदरा घालून, टोपी नीट करून बाहेर आले आणि ओसरीवर बसले.

"मी बोलतो," ते म्हणाले. "पन माह्या शब्दात."

भूमिकानं आधी फॉर्ममधला 'तुकड्यांत' पेनानं खोडला, 'कोणत्याही कारणासाठी' खोडलं आणि दोन्हीकडे रितिकाताईंची सही घेतली. मग तिनं आबाजींच्या कानात सांगितलं, की मध्ये कुठेच थांबू नका, श्वासही घेऊ नका, थांबलात की तिथे कापता येतं. आबाजींनी मान हलवली. कोर्टात एकदा जबानी दिली होती त्यांनी, त्यांना सांगायची गरज नव्हती.

"मी चंपतराव, राहनार सावळटेक, आज दिवाळीच्या पाडव्याच्या दुसऱ्या दिवशी माह्या ओसरीवर बसून, माह्या नातीच्या समोर सांगून राहिलो का मी गाव सोडलं नाही अन् सोडनार नाही, अन् २०७५ मध्ये जो कोनी हे पाहून राहिला असेल त्यानं मले इथंच येऊन विचारावं."

नागसेननं कॅमेरा थांबवला. भूमिका म्हणाली, लावून दाखव. त्यानं दाखवलं. तिनं शेवटपर्यंत ऐकलं आणि म्हणाली, पुन्हा लाव.