न लिहिलेलं माप

गल्लीत तिला सगळे कॉम्प्युटरताई म्हणत. कपडे शिवण्याचा धंदा बावीस वर्षांचा, पण दुकानात मापांची वही म्हणून नाही. टेप गळ्यात, आकडे डोक्यात. माप घ्यायचं, ओठांतल्या ओठांत घोकत कापणीच्या टेबलापर्यंत जायचं आणि खडूनं कापडावर उतरवायचं, एवढीच काय ती विद्या. पण ताई ती अशी मिरवायची, की जणू देवाघरूनच घेऊन आली होती.

तिची नणंद कॉलेजात मानसशास्त्र शिकवायची. एकदा ती म्हणाली, "वहिनी, लिहून ठेवत जा गं. नवी गोष्ट डोक्यात मिनिटभरही टिकत नाही. घोकलीस तर राहते, मध्ये कुणी बोललं की गेलीच. जुनं मात्र मुरलेलं असतं. ते न बोलावता येतं आणि नव्याच्या जागी बसतं."

"तुमच्या पुस्तकातल्या माणसांचं होत असेल तसं," ताई म्हणाली. नणंदेचं शहाणपण कोण ऐकून घेतं?

मग एक दिवस शाळेतल्या बाई आल्या. गिऱ्हाईक जुनं, पण वर्षभर फिरकल्या नव्हत्या. आजारपणानं पार निम्म्या झाल्या होत्या. आता डॉक्टरांनी कामावर जायला परवानगी दिली होती आणि वर्गासमोर उभं राहायला नवा कोट हवा होता.

"अंगावर नीट बसू दे, ताई. मुलांनी आधी कोट बघावा, मग मला."

ताईनं माप घेतलं. छाती बत्तीस, कंबर सव्वीस. घोकत घोकत ती वळली, तेवढ्यात बाईंना रडू फुटलं. ताई काही दगड नव्हती. तिनं त्यांना बसवलं, चहा केला, वर्षभराची सगळी कहाणी ऐकून घेतली. त्या गेल्यावर ती टेबलाशी आली तेव्हा आकडे आपसूक जिभेवर आले. छत्तीस, तीस. इतके सहज आले की शंका घ्यायचं कारणच नव्हतं. कात्री चालली.

दहा दिवसांनी बाईंनी कोट घालून पाहिला. खांदे ओघळले होते, कंबरेशी मूठभर कापड लोंबत होतं. ताईला एका नजरेत कळलं. माप बाईंचंच होतं, पण आजाराच्या आधीचं.

"दहा दिवसांत इतकी उतरले मी?" बाईंनी आरशात बघत विचारलं.

बाकावर वाट बघत बसलेली दुसरी एक बाई हसून म्हणाली, "आमच्या कॉम्प्युटरताईंचं माप चुकायचं नाही हो!"

माझं चुकलं, एवढंच म्हणायचं होतं. ताई म्हणाली, "थोडं वजन उतरलं असेल. आत घेऊन देते मी."

बाईंचा हात बटणावरच थांबला. वजन पुन्हा उतरू लागलं तर लगेच या, असं डॉक्टरांनी बजावलंय, हे त्यांनीच चहा पिताना सांगितलं होतं. ते मात्र ताईला शब्दन् शब्द आठवत होतं. बाई कोट तिथंच ठेवून निघून गेल्या.

त्या दिवशी ताईनं दोनदा फोन हातात घेतला, दोनदा ठेवला. आपण आपल्या नावासाठी एका बाईला मरणाच्या दारात उभं केलं, या विचारानं तिला स्वतःची किळस आली. सकाळी ती बाईंच्या घरी गेली. दार उघडलं तेव्हा बाईंच्या हातात दवाखान्याची फाइल होती.

"तुमचं वजन उतरलेलं नाही, बाई. मी आकडे विसरले. जुन्या मापानं कापला कोट. आणि चारचौघींत कबूल करायची लाज वाटली मला."

बाई दारातल्या खुर्चीत मटकन बसल्या. "काट्यावर उभं राहायची हिंमतच झाली नाही हो मला," त्या म्हणाल्या आणि हसल्या. ताईला वाटलं, सुटले.

"आजार परत आलाय असं रात्री लेकीला सांगितलं मी," बाई पुढं म्हणाल्या. "मागच्या वेळी लपवलं होतं, म्हणून या वेळी तिला आधी सांगितलं. नऊ वर्षांची आहे. आता सांगेन, चूक झाली, आई बरी आहे. ती हो म्हणेल. पण यापुढं मी नुसती दमून बसले तरी तिला कालचीच रात्र आठवेल. ते कसं उसवायचं, ताई?"