सामान – जया

सोनालीने घरच्या ग्रुपवर यादी टाकली. कोकणातल्या एका निवांत किनाऱ्यावर काय काय करता येतं, त्याची. सर्फिंग, म्हणजे लाटेवर फळी घेऊन उभं राहणं. तेही पहिल्यांदाच येणाऱ्यांसाठी. शिंपले वेचणं. सुरूच्या बनात झोळीत पडून राहणं. सोलकढी. काहीच न करणं.

तिचे वडील सीताराम ओव्हाळ. बत्तीस वर्षं त्यांनी बस डेपोत चालक-वाहकांच्या ड्युट्या लावल्या होत्या, आणि निवृत्त झाले तरी हात थांबत नव्हता. संध्याकाळी विश्रांतवाडीच्या फ्लॅटमधल्या फ्रिजवर पट्टीने रेघा मारलेला कागद लागला. सर्फिंग – सोनाली. शिंपले – सोनाली. फोटो – सीताराम. सोलकढी – सर्व. सामान – जया. खाली बारीक अक्षरात: बदल हवा असल्यास लेखी द्यावे.

"बाबा, 'काहीच न करणं' कुणाकडे दिलंय?"

"ते तक्त्यात बसेना. काढून टाकलं."

सोनालीच्या आईने, जयाने, दूध फ्रिजमध्ये ठेवता ठेवता कागद वाचला. वाचण्यासारखं नवीन काही नव्हतं. अलिबाग झालं होतं, काशीद झालं होतं, दिवेआगर दोनदा झालं होतं. प्रत्येक किनाऱ्यावर तिने चटई टाकली, चपलांची रांग लावली, घड्याळं-पाकिटं मांडीवर घेतली आणि बसली. समुद्र तिने पुष्कळ पाहिला होता, बसल्या उंचीवरून.

दुसऱ्या दिवशी ती चटई आणि मोबाइल घेऊन गच्चीवर गेली. व्हिडिओत सांगितलं होतं: पोटावर झोपा, तळहात बरगड्यांशी, आणि एका दमात पायांवर. तिचा दम गुडघ्यापाशी संपत होता. ती पुन्हा झोपत होती, पुन्हा उठत होती.

शेजारच्या शर्मिलाबाई कपडे वाळत घालायला आल्या आणि चिमटा हातात धरून उभ्याच राहिल्या.

"जयाताई, कुणाला साष्टांग नमस्कार चाललाय?"

"समुद्राला."

"तो इथवर येणारे? कधी ते कळवा. निदान टाक्या तरी भरून घेऊ."

आठ दिवस असे गेले. रविवारी चहाबरोबर जयाने नवऱ्यापुढे वहीचा अर्धा कागद सरकवला. 'प्रति, ड्युटी लावणारे साहेब. विषय: ड्युटी बदलून मिळणेबाबत. किनाऱ्यावरील सामान ही माझी ड्युटी रद्द करून सर्फिंगमध्ये नाव घ्यावे, ही विनंती.'

सीतारामांनी चष्मा लावला. दोनदा वाचलं.

"कारण लिहिलं नाहीस. कारणाशिवाय अर्ज पुढे जात नाही."

"कारण लिहिलं असतं तर कागद पुरला नसता."

"अगं, पण तुला पोहता येत नाही."

"कंबरभर पाण्यात शिकवतात. सोनालीला तरी कुठे येतं?"

"ती अठ्ठावीसची आहे. तू अठ्ठावन्नची."

"मग घाई मलाच पाहिजे ना!"

सीताराम हसले. जया हसली नाही. तिने कप खाली ठेवला.

"अहो, आमच्या गावच्या विहिरीत माझ्या वर्गातल्या पोरी पाठीला भोपळा बांधून पोहायला शिकल्या. आमच्या वस्तीतल्यांनी पायरी उतरायची नाही. त्या म्हणायच्या, जया, तू वर बस, आमच्या कपड्यांकडे बघ. हात लावू नकोस, नुसतं बघ. मी बसायचे. मला वाटायचं, विश्वासाचं काम दिलंय." तिने चहावरची साय बोटाने बाजूला केली. "सातव्या वर्षापासून मी काठावर सामान सांभाळतेय. एकदा आत जाऊन यायचंय. उभं राहायला नाही जमलं तरी चालेल."

सीतारामांचं गाव दुसरं, पण विहीर तशीच होती. ते पोहायला शिकले ते नोकरी लागल्यावर, पुण्यात, महापालिकेच्या तलावात. त्याला पस्तीस वर्षं झाली. तेव्हा बायकोलाही न्यावं, असं एकदाही मनात आलं नव्हतं.

त्यांनी पेन काढलं. अर्जावर 'मंजूर' लिहून सही केली, तारीख टाकली. मग उठून फ्रिजवरच्या कागदावर एक नाव खोडलं आणि नीट अक्षरात दोन नवी लिहिली. सर्फिंग – सोनाली, जया. सामान – सीताराम.

डिसेंबरात ते गेले. सर्फिंग शिकवणारी सुहाना त्याच किनाऱ्यावर वाढलेली, तिशीतली बाई होती. फळीबरोबर मिळालेला अंगाला चिकटणारा सदरा जया सारखी खाली ओढत होती.

"काकी, ओढू नका," सुहाना म्हणाली. "समुद्र नाही बघत."

पहिल्या लाटेने जयाला फळीवरून उतरवलं. दुसरीने नाकात पाणी घातलं. तिसरी आली, गेली. चौथी आली, गेली. प्रत्येक लाट माहेरवाशिणीसारखी धावत येई आणि उंबऱ्यावरूनच परत फिरे. सोनाली दोनदा उभी राहिली. जया पडत होती, खोकत होती, केस मागे सारत होती आणि फळी पुन्हा समुद्राकडे वळवत होती. सुहानाने पाठीमागून ढकललं, "आता!" म्हणाली. जयाने हात रोवले आणि उठली. गुडघ्यांपर्यंतच. पण त्या गुडघ्यांवर ती पांढऱ्या फेसातून थेट वाळूपर्यंत आली, तोंड उघडं, आवाज नाही.

चटईवर बसलेले सीताराम कधी उठले, त्यांनाच कळलं नाही. ते पाण्याच्या कडेला उभे होते, विजार ओली करून.

जया निथळत चटईपाशी आली आणि सवयीने आधी चपला मोजल्या. पाण्याची रेघ वर सरकून चटईच्या टोकाला लागली होती. रांगेत पाचच चपला होत्या. तिच्या दोहोंतली एक गेली होती.

"अहो, एवढ्या वर्षांत कुणाच्या फ्रॉकचं बटण हरवू दिलं नाही मी. आणि तुम्ही पहिल्याच दिवशी? लक्ष कुठे होतं?"

सीतारामांनी नुसता पाण्याकडे हात केला.

जयाने त्यांच्या ओल्या विजारीकडे पाहिलं आणि उरलेली चप्पल उचलून पिशवीत टाकली.

"उद्या सकाळी सातला पुन्हा आहे," ती म्हणाली. "अर्ज आत्ताच देऊ?"

"नको. कायमची लावतो."

त्यांनी रांगेतल्या आपल्या चपला उचलून तिच्यापुढे ठेवल्या. सोनाली अनवाणीच जाऊन झोळीत कधीच झोपली होती. त्या मोठ्या चपला फटक फटक वाजवत जया सुरूच्या बनातून पुढे निघाली. मागून सगळं सामान घेऊन सीताराम अनवाणी येत होते, खाली पडलेली काटेरी फळं चुकवत.