भस्मकनं पेला का चेपला नाही

सिनेमातली चूक मला खपत नाही. छायाबाईंबरोबर पिक्चरला जाऊ नये, मध्येच बोलतात, असं आमच्या कॉलनीत म्हणतात. बोलणारच! हिरो पाण्यात पडताना शर्ट निळा आणि बाहेर येताना पिवळा असेल, तर मी काय डोळ्यांवर पट्टी बांधून बसू?

आता आमच्या अश्विनचाच पिक्चर घ्या. अश्विन म्हणजे माझ्या थोरल्या बहिणीचा मुलगा. सातपूरच्या एका वर्कशॉपमध्ये नोकरी करतो आणि सुट्टी मिळाली की मित्र जमवून सिनेमे काढतो. दोन वर्षांपूर्वी त्यानं 'भस्मक' काढला होता. परग्रहावरचा खलनायक नाशिकवर चालून येतो आणि धरणाचं पाणी पळवतो, असं काहीतरी. भस्मक कोण झालं होतं? आमचे हे, शेखर! एरवी मुंगीलासुद्धा वाट देणारा माणूस, पण काळा झगा चढवला आणि काय सांगू, माझ्याच अंगावर काटा आला. त्यात भस्मक स्टीलचा पेला उजव्या मुठीत धरतो आणि बघता बघता चेपून टाकतो. खराखुरा पेला, ट्रिक नाही हं! वीस वर्षं कंपनीत पत्रा दाबायचं प्रेस मशीन चालवलेला हात तो. पुढं कितीतरी दिवस कॉलनीतली पोरं पेले घेऊन आमच्या दारात यायची, "काका, चेपून दाखवा ना!"

चुका मी त्याही पिक्चरच्या काढल्याच. पण अश्विन कामाचा पक्का, दोन-तीनच सापडल्या. तरी माझ्याकडे बघून तो म्हणाला होता, "मावशी, तुझ्या नजरेतून काही सुटत नाही बाई."

गेल्या रविवारी संध्याकाळी विहाराच्या हॉलमध्ये 'भस्मक, भाग दोन' लावला. मी मुद्दाम पहिल्या रांगेत बसले. नेमक्या शेजारी नवसाबाई येऊन बसल्या. आमचं बोलणं बंद होतं. माझं आईनं दिलेलं शिसवी लाटणं उन्हाळ्यात घरातून गायब झालं. ते त्यांनीच पापडाला नेऊन दाबलं, असं मी चारचौघांत बोलून बसले होते. हे मागं दाराशी उभे होते.

पिक्चर सुरू झाला आणि पहिल्याच सीनला मी कपाळाला हात लावला. अहो, भस्मक खुर्चीत बसलेला! पहिल्या भागात पांडवलेण्यांच्या पायऱ्यांवर हिरोच्या मागं धावणारा गडी आता बसून हुकूम सोडतोय. यानाचा दांडा एका हातानं फिरवतोय, दुसरा हात झग्यात. मग पेला आला. सगळा हॉल सरसावून बसला. भस्मकनं पेल्याकडे नुसतं रोखून बघितलं आणि पत्र्याच्या रोबोटनं पुढं येऊन तो चेपला.

"हात मेल्या!" मी ओरडले. "हा कसला खलनायक? पेला चेपायलासुद्धा नोकर लागतो याला!"

हॉल खो-खो हसला. मला तर चेवच आला. हिरो म्हणजे आमच्याच लाइनीतला रवी, कंपनीत यांच्याच पाळीला असतो. तो भस्मकच्या अगदी पुढ्यात पडलेला, पिस्तूल भस्मकच्या कमरेला उजवीकडे, आणि हा शहाणा डाव्या हातानं झग्यात चाचपत बसलाय. तोवर रवी उठून पळालासुद्धा.

"अरे, उजव्या हातानं काढ ना! उजवा हात काय घरी ठेवून आलास?"

लोक पुन्हा हसले, मीही हसले. आणि हसता हसता माझं तोंड उघडंच राहिलं. पिक्चर सुरू झाल्यापासून यांचा उजवा हात एकदाही हलला नव्हता.

सहा महिने यांना रात्रपाळी आणि मी दिवसा अंबडच्या कारखान्यात पॅकिंगला. आमची गाठ पडायची ती दारात. हे जेवायचे डब्यात, कंपनीत. सुट्टीच्या दिवशी चमच्यानं भात खायला लागले, तेव्हा मी म्हटलं, वा, साहेब झालात! शर्ट सोडून टी-शर्ट घालायला लागले, तर मी म्हटलं, म्हातारपणी फॅशन सुचतेय. गाडी घरी ठेवून रवीच्या मागं बसून जायला लागले, त्यावर पेट्रोल वाचतंय म्हणून खूश झाले. अगं बाई, त्या टी-शर्टला बटणं नसतात गं!

पडद्यावर शेवट चालू होता. भस्मक जिंकत आलेला, आणि कुणी ढकललं नाही, काही नाही, आपणहून उठतो, स्वतःच्याच धडधडणाऱ्या यंत्रापाशी जातो आणि त्याचा तो लुळा हात आत ओढला जातो. पडदा काळा. लोकांनी शिट्ट्या मारून टर उडवली. नवसाबाई भांडण विसरून माझ्याकडे वळल्या, "छाया, असा कसा गं मेला हा? काही कारणच नाही."

मी तडक अश्विनकडे गेले. तो वायरी गुंडाळत होता.

"कधीपासून?"

तो 'काय कधीपासून?' असं विचारत बसला नाही. "शूटिंगच्या आधीपासून. त्यांची बोटं वळत नाहीत, मावशी. तुला सांगू नको म्हणून काकांनी शपथ घातली होती, स्वतःच्या जिवाची. मला तोंडानं सांगता येईना. म्हणून सगळ्या चुका तशाच ठेवल्या. म्हटलं, कॉलनीत कुणाला कळलं नाही तरी तुला कळेल."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. "पिक्चर काढून सांगतोस होय रे? तुझा पिक्चर पुरा होईपर्यंत काही झालं असतं म्हणजे?" मग त्याचा चेहरा बघितला आणि मला तो शेवट आठवला. "ते यंत्र कसलं होतं, अश्विन?"

"काकांना विचार," तो म्हणाला आणि त्याला रडूच आलं.

दाराशी हे डाव्या हातात चहा धरून उभे होते. माझ्याकडे बघितलं आणि त्यांनी मान खाली घातली. आम्ही घरी आलो. दार लावलं आणि मी विचारलं, "अहो, तुमच्या प्रेसला दोन बटणं ना? दोन्ही हातांनी एकदम दाबल्याशिवाय तो खाली येत नाही, म्हणजे हात आत राहत नाहीत, असं तुम्हीच मला लग्नानंतर कौतुकानं सांगितलं होतं. मग एका हातानं कसा चालवता?"

हे पलंगावर बसले. "एक बटण दाबून ठेवतो. पाचर मारून. जुना प्रेस आहे, चालून जातो."

"आणि हा हात?"

"असतो तिथंच. कधी कधी पुढं घरंगळतो, मला समजत नाही. परवा रवीनं ओढला." आवाज अगदी खाली गेला. "छाया, दवाखान्यात गेलो की कंपनीला कळणार. काढून टाकतील गं."

मला डोळ्यांपुढं दिसायला लागलं. प्रेस दणकन खाली येतोय आणि त्याखाली माझ्या नवऱ्याचा हात, ज्याचा त्यालाच पत्ता नाही. मी खुंटीवरची डब्याची पिशवी ओढली आणि पलंगावर उलटी केली. उद्यापासून यांची पहिली पाळी होती. डबा पडला, चमचा पडला आणि फडक्यात गुंडाळलेली पाचर पडली.

काळं, गुळगुळीत शिसवी लाकूड. एका बाजूनं करवतीनं कापलेलं, दुसऱ्या बाजूला मूठ. त्या मुठीवर बारके बारके दात उठले होते. अश्विनला दात येत होते तेव्हा मी ते लाटणं त्याला चावायला द्यायचे.

माझं लाटणं! त्यासाठी मी नवसाबाईंना चोर म्हटलं, आणि ते रोज रात्री त्या प्रेसच्या बटणात ठोकलेलं होतं.

"दुसरं लाकूड मिळालं नाही तुम्हाला?" एवढंच माझ्या तोंडून निघालं.

"हेच घट्ट बसलं," हे म्हणाले.

मी ती मूठ त्यांच्या उजव्या तळहातावर ठेवली. "चेपू नका," मी म्हटलं. "नुसती धरा."

त्यांनी डोळे मिटले, दात आवळले, मानेच्या शिरा तट्ट फुगल्या. बोटं वळली नाहीत. मूठ घरंगळून फरशीवर पडली आणि पलंगाखाली गेली. ती काढायला दोघांपैकी कुणीच वाकलं नाही.

त्यांनी डाव्या हातानं मोबाइल माझ्यापुढं सरकवला.

"रवीला फोन लाव," ते म्हणाले. "सांग, उद्या मी येत नाही."