राखेचा तक्ता

मी एक जुना, राखाडी फोमचा तक्ता, म्हणजे गादीसारखा सपाट तुकडा आहे. नांदेडच्या दवाखान्यात केवळाबाई वारल्याचा फोन लातूरला आला, तेव्हा मी तिच्या रिकाम्या बाजेवर होतो.

मित्रांनो, माझा जन्म नांदेडला ताहेरच्या कारखान्यात झाला. कचरा जाळणाऱ्या भट्टीच्या धुराड्यात जी बारीक, विषारी राख अडकते, ती माझ्या पोटात आहे. उघड्यावर टाकली तर ती वाऱ्याने उडते, पाण्यात उतरते. ताहेरने ती फोमच्या रसायनात कालवली. मी इडलीच्या पिठासारखा फुगलो आणि घट्ट झालो.

भूकंपानंतर आमच्या भागात जड छताची धास्ती बसली. लोक पत्रे घालू लागले. पुढे लातूरला क्लाससाठी मुलं आली आणि पत्र्याच्या खोल्याही भाड्याने गेल्या. उन्हाळ्यात त्या तापत. म्हणून श्रीमंतने आपल्या खोल्यांच्या पत्र्याखाली माझे भाऊ बसवले. मुलं म्हणाली, "आता बसवतं तरी." मी उरलो. त्याची बायको केवळाबाई त्या मुलांची खानावळ चालवायची. तिची पाठ दुखायची, म्हणून मला तिने झोळ पडलेल्या बाजेवर टाकलं, वर गोधडी घातली.

माती झाल्यावर शेजारची लक्ष्मम्मा म्हणाली, "अण्णा, गेलेल्या माणसाचं अंथरूण घरात ठेवू नये. जाळून टाका."

"न्या," श्रीमंत म्हणाला. "मला बघवत न्हाई."

गोधडी, उशी आणि मी अंगणात आलो. काडी ओढली तोच ताहेर भेटायला आला. त्याने मला ओढून बाजूला केलं.

"श्रीमंतभाऊ, हे जाळू नका! जळलं की इखारी धूर होतो, आतली राखबी मोकळी होते."

"अन् हे इकताना सांगितलं व्हतंस का रे, गादीवाल्या?" लक्ष्मम्माने विचारलं.

"सांगितलं व्हतं. केवळाक्का हसली. म्हणली, 'मी काय गाद्या जाळून राहिले का? हितं भाकर जळू नये म्हणून जीव जातोय!'"

त्या दिवसांत श्रीमंत पहिल्यांदा हसला आणि मग तिथेच खाली बसला. गोधडी जळाली. मी राहिलो.

"मग हे कवा नेतोस?" त्याने विचारलं.

"जुना फोम दळून नव्यात घालायचं यंत्र बसवायचंय. ते बसलं की नेतो."

मित्रांनो, वस्तू जाळण्याआधी तिच्या पोटात काय आहे ते विचारा. मी श्रीमंतच्या खोलीत भिंतीला उभा आहे. रोज सकाळी उठला की त्याची नजर माझ्यावर जाते. ताहेरचं यंत्र अजून बसलेलं नाही.