आकडेबाबांचा डबा

नृत्यशाळेच्या हॉलमध्ये दीडशे माणसं बसली होती, आणि भिंतभर आरसे असल्यामुळे ती तीनशे दिसत होती. पुढे पांढऱ्याशुभ्र शर्टातले आकडेबाबा उभे होते. हातात बिस्किटांचा पत्र्याचा डबा, समोर लॅपटॉप, मागे पडदा.

"भविष्य सांगणारे गल्लोगल्ली आहेत," बाबा म्हणाले. "मी भूतकाळ सांगतो. भविष्य चुकतं हो. भूतकाळ कधी चुकलाय?"

लोकांनी माना डोलावल्या.

डब्यात पाचशे चिठ्ठ्या होत्या, प्रत्येकीवर शेअर बाजारातल्या एका कंपनीचं नाव. एका दंतवैद्यानं डोळे मिटून पाच काढल्या. बाबांनी ती नावं लॅपटॉपमधल्या यंत्राला दिली. हे यंत्र जुने भाव शोधून आणायचं. कंपनी सांगा, तारीख सांगा, भाव हजर. वीस वर्षांपूर्वीचा आला, आजचा आला. पाचच्या पाच वर, एक तर चाळीस पट.

"मी हात तरी लावला का चिठ्ठ्यांना?" बाबांनी दंतवैद्याचा हात उंच धरला. "या हाताला यश आहे. आणि डॉक्टर, तुम्ही तो लोकांच्या दातांत घालवलात."

टाळ्यांचा नुसता कडकडाट. तिसऱ्या रांगेत ताई मात्र हाताची घडी घालून बसल्या होत्या. शेजारी त्यांचा धाकटा भाऊ, लाँड्रीवाला. मागच्या सभेत त्याच्याही हाताला यश निघालं होतं आणि तेव्हापासून गडी हवेत होता. उद्या अकरा वाजता तो वाफेच्या इस्त्र्यांसकट लाँड्री विकणार होता आणि सगळे पैसे बाबांच्या 'हस्तयोग' योजनेत घालणार होता. योजना सोपी: सभासदांनी चिठ्ठ्या काढायच्या, बाबांनी आपला वाटा आधी कापून उरलेलं त्या कंपन्यांत गुंतवायचं. ताईंनी आठवडाभर डोकेफोड केली होती. त्याचं आपलं एकच पालुपद, "ताई, मी स्वतःच्या हातानं काढल्या गं."

"आता तू जा," त्यानं ताईंना ढोसलं. "सख्खी बहीण आहेस. तुझ्याही हातात असणारच."

ताई उठल्या त्या बाबांचं पितळ उघडं पाडायलाच. पाच चिठ्ठ्या काढल्या. पाचही वर. खरं सांगायचं तर ताईंनाही गुदगुल्या झाल्या. साठी उलटल्यावर दीडशे लोकांसमोर आपल्या हाताचं कौतुक झालं, तर कोणाला नको असतं?

पण ताईंची बत्तीस वर्षं वर्तमानपत्रात शेअरभावांच्या पानाची प्रुफं तपासण्यात गेली होती. जोडीदारीण मूळ कागदावरून नावं मोठ्यानं वाचायची, ताई छापलेल्या पानावर बोट फिरवायच्या. रोज नऊशे नावं, त्याच क्रमानं. ती पाढ्यांसारखी तोंडपाठ झाली होती, आणि मधली एखादी ओळ गळली की ताईंच्या अंगावर काटा यायचा. हातातल्या चिठ्ठीवर होतं 'अढळ सिमेंट'. पुढची ओळ डोक्यात आपोआप वाजली.

"बाबा, अतुल्य रेडिओ टाका ना."

बाबांनी टाकलं. पडद्यावर आलं: यादीत नाही.

"यंत्र आहे, दमतं कधी कधी," बाबा हसले.

"मग अथांग जहाजं."

यादीत नाही.

"अनमोल वजनकाटे. अपूर्व गाद्या."

ताईंना वाचनाची लय सापडली. मागून कोणीतरी पडद्याच्या आधीच "नाही" म्हणालं. पुढच्या नावाला दहाजण म्हणाले. "अभेद्य कुलपं." "नाही." "अमर पंखे." "नाही." मध्येच एखादं नाव सापडलं की अख्खा हॉल हिरमुसायचा. दंतवैद्य तर हसता हसता खुर्चीवरून घसरायचेच राहिले.

"गेलेल्यांची नावं कशाला काढता?" बाबा घाम पुसत म्हणाले. "शुभ बोला."

"वीस वर्षांपूर्वी चांगल्या धडधाकट होत्या त्या. मी रोज तपासत होते." ताई लोकांकडे वळल्या. "यंत्राचा दोष नाही हो. बिचारं विचाराल तो भाव आणतं, आणि खरा आणतं. पण त्याला यादी दिलीय आजच्या पाचशे बड्या कंपन्यांची. बुडालेल्या, कवडीमोल झालेल्या आधीच गाळल्या. आता डोळे मिटा, उलटे उभे राहा, हाताला वाढलेलीच लागणार. नव्वदीच्या म्हाताऱ्यांना जमवून विचारायचं, विडी ओढून तुमच्यातलं कोणी मेलं का? मेलेले सांगायला येतात होय? आणि बाबा, पुढच्या वीस वर्षांत यातल्या कोणत्या उरणार, ती यादी आहे तुमच्याकडे?"

बाबांनी डब्याचं झाकण लावलं.

"पण माझा हात..." भाऊ उभा राहिला होता. चेहरा पडलेला.

"ये इकडे." ताईंनी बाबांच्याच जाहिरातींचे कपटे केले आणि जुन्या पानावरची ओळीनं वीस नावं लिहिली, एकही न गाळता. डबा रिकामा करून त्यात ती टाकली. "काढ."

भावानं डोळे मिटून पाच काढल्या. चार यादीत नाहीत. पाचवी वर होती, जेमतेम दुप्पट.

भाऊ कानापर्यंत लाल झाला. मग त्यालाच हसू फुटलं, आणि आवरेना. "म्हणजे ताई, माझा हात फक्त इस्त्रीचा."

"आणि त्यात तुझा हात धरणारा कोणी नाही, गाढवा." ताईंचे डोळे भरून आले होते.

त्यानं तिथंच लाँड्री विकत घेणाऱ्याला फोन लावला. "उद्या अकराला या, पण लाँड्री विकायची नाही. चुरगळलेले कपडे असतील तर घेऊन या." तोवर दंतवैद्य आपली सभेची वर्गणी परत मागत बाबांपर्यंत पोचले होते आणि त्यांच्यामागे रांग लागली होती.

तेव्हा बाबांनो आणि बायांनो, कोणी जुने आकडे दाखवून डोळे दिपवू लागला, तर आकडे खरे आहेत का एवढं विचारून थांबू नका. कोणते गाळलेत, तेही विचारा. त्याला सिद्धी लागत नाही, तोंड उघडलं की झालं.